कालदंडाचे पाय

तुम्हाला सांगते, माझा साठ फुटी युद्ध-रोबो बाबांनी एका वाक्यात पाडला.

मी नागावला घरी बसून एका गेम कंपनीसाठी चित्रं काढते. रोबोचं नाव कालदंड. कंपनीने तो दोनदा परत पाठवला होता आणि आता नापसंत झाला तर काम दुसऱ्याला जाणार होतं. बाबांनी जन्मभर होड्या बांधल्या, पण आई गेल्यापासून हत्यारांना हात लावला नव्हता. बोलणंही हो-नाहीपुरतंच. त्या दिवशी मला चहा द्यायला आले आणि स्क्रीनकडे बघत राहिले.

"ह्यो उभा न्हाय राहायचा," म्हणाले. "सगला भार वर, पाय काटक्या."

"बाबा, तो खोटा आहे."

"खोटा असला तरी पडंल. लढला कुठं?"

"समुद्रातून येणाऱ्या शत्रूंशी. शंभर वर्षं बंदर राखलं त्याने."

"मंग पाण्यातच उभा असंल. होडीसारखा भार खाली पायजे. आन गुडघ्यापर्यंत खाऱ्या पाण्यानं खाल्लेला दिसू दे."

त्यांनी पेन्सिल मागितली आणि कॅलेंडरच्या पाठीवर तासभर पाय काढले. मी ते तसेच चित्रात घेतले.

चार दिवसांनी उत्तर आलं. कालदंड पसंत होता आणि त्याच हाताचे आणखी पाच रोबो हवे होते. मी बाबांना वाचून दाखवलं. ते उठले, माळ्यावरून हत्यारांची पेटी उतरवली आणि रंधा पुसायला बसले.

"चित्रात नीट समजत न्हाय," म्हणाले. "पुढचा आधी लाकडाचा करून बघू."