दोन पूजा शिंदे

अगं, आमचं बारसं लांबलं ना, म्हणून नांदेडच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर माझ्या बाळाचं नाव 'पूजा शिंदे यांचे बाळ' असंच राहिलं.

मागच्या आठवड्यात एकदा बाळाला तेल लावत होते, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. हात तेलाचे, म्हणून स्पीकरवर टाकला. सासूबाई शेजारीच धुरीसाठी शेगडीत ओवा टाकत होत्या.

"ताई, मीबी पूजा शिंदेच, भोकरची. माझंबी बाळ बिननावाचं हाय. दवाखान्यानं तुमची फाईल माझ्या मोबाईलवर पाठवली. तुमचा नंबर त्यातच घावला."

"वाचू नका हो, काढून टाका," मी म्हटलं. तिची फाईल माझ्याकडे आली असती, तर मी मात्र शेवटपर्यंत वाचली असती.

"काढते. पण आधी वाचली, माझीच समजून. बाळापाशी एकटं राह्याची भीती वाटती, असं लिवलंय. अजून वाटती का ताई?"

हे मी फक्त डॉक्टरांना सांगितलं होतं. आमच्या यांनासुद्धा नाही.

मी फोन बंद केला. सासूबाईंनी बाळ उचललं आणि हळूच म्हणाल्या, "जा, हात धुऊन ये. मी हाय इथं."

तो फोन येऊन आज दहा दिवस झाले. त्या अजून बाळापासून हललेल्या नाहीत.