शनिवारचं तेल

ढुम, ढुम, ढुम. मस्तगडातल्या तमाम लहानथोरांना, खास आणि आम लोकांना, लेकुरवाळ्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना इत्तिला दिली जाते की गयाबाईच्या घरातली शिलाईची मशीन गयाबाईच्या विटाळानं बंद पडली न्हवती, न्हवती, न्हवती. कोणाची काही तक्रार असेल तर त्यानं जल्दी येऊन गयाबाईसमोर उभं राहावं, म्हणजे तिच्या हातात कात्री आहे हे त्याला बराबर दिसेल. ढुम.

लिहिलं? अशी दवंडी मला अठरा वर्षांपासून पिटायची होती. पण दवंडीवाला बाईच्या नावानं पिटत न्हाई, म्हणून तुम्हाला लिहायला बसवलंय. हसू नका. मी हसत हसत सांगते म्हणून राग कमी आहे असं समजू नका, राग मी लोणच्यासारखा ठेवलाय, वर तेल ठेवून. तेलाचंच सांगायचंय सगळं.

माझं माहेर राजूरच्या अलीकडं, गणपतीच्या देवळाचा कळस दिसतो तिथं. आम्ही मेंढरांवाले. पोरीबाळींना आमच्यात बाहुल्या न्हवत्या, दाभण होतं. मी सहा-सात वर्षांची असताना घोंगडीच्या काठाला टाका घालायची, आणि माझा बाप म्हणायचा, गये, तुझ्या हाताला डोळे आहेत. मंग डोळ्यांसकट मला जालन्यात दिली. सासरची माणसं मेंढरं सोडून शेतकरी झालेली, मस्तगडात दगडी ओट्याचं घर, मालक कापसाच्या गिरणीत कामाला. मालक म्हणजे माझा नवरा हो, गिरणीचा मालक न्हवं. गिरणीचा मालक असता तर बोलला असता. हा बोलायचा न्हाई. बापासमोर तर बिलकुल न्हाई. बाप म्हणाला, आज अमावस्या, तर हा पुनवेच्या चांदण्यात उभा राहून मान डोलवायचा.

तर काय सांगू तुम्हाला, मला पहिला पोरगा झाला त्या वर्षी माझ्या बापानं आठ मेंढ्या विकल्या आणि मशीन घेतली. स्टेशनाकडच्या एका म्हाताऱ्या दर्ज्याची होती, तो चाचा दुकान मोडून पोराकडं हैदराबादला निघाल्ता. हातानं फिरवायची मशीन, काळी, तिच्या अंगावर सोन्यासारखी वेलबुट्टी. माझ्या बापानं ती घोंगडीत गुंडाळून, नवं कोकरू आणावं तशी छातीशी धरून मस्तगडापर्यंत चालत आणली, आणि मागं चाचा, का तर मशीन मांडून दिल्याशिवाय त्याला गाडीत बसवणार न्हाई असा माझ्या बापाचा हुकूम.

चाचानं पाट मागितला. पाट डुगडुगायला लागला तर त्यानं एका कोपऱ्याखाली चिंधीची घडी सारली, मशीन ठेवली, बोटानं दाबून बघितली. मला म्हणाला, बेटी, ये इसका पाँव, ये इसके दाँत, धागा इधर से, फिर इधर से, और आखिर में सुई के कान में. मशीन पालथी कशी करायची, पोटात कुठं कुठं तेल सोडायचं, तेबी दाखवलं. एक छोटी बाटली दिली आणि म्हणाला, हफ्ते को एक बार तेल देना, दो बूंद, बस. मी सासूबाईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर दांडा फिरवला, आणि टाका असा सरळ गेला की माझ्या बापानं फेट्याच्या शेवानं नाक पुसलं.

आता नीट ऐका. चाचा बोलला त्यातले दोन शब्द माझ्या सासऱ्याच्या कानात शिरले. एक हप्ता, दुसरा तेल. दोन थेंब बाहेरच राह्यले. मामंजी ओट्यावर जाऊन विचार करून आले आणि म्हणाले, लोखंडाची वस्तू, हप्त्याला एकदा तेल, म्हणजे कोणता वार? शनिवार. आणखी कोणता असणार. मारुतीला शनिवारी, शनिदेवाला शनिवारी, मंग हिला काय बुधवारी?

झालं. दर शनिवारी सकाळी मामंजी अंघोळ करून ओलेत्यानं येणार, मशीनच्या चाकाला हळदकुंकू लावणार, गळ्यात रुईच्या पानांची माळ घालणार आणि वरून करडीच्या तेलाची वाटी ओतणार. दोन थेंब न्हाई, वाटी. मी म्हणलं, मामंजी, चाचा दोन थेंब म्हणल्ते. तर म्हणले, देवाला दोन थेंब? आपण काय भिकारी आहोत?

आणि चाचाची ती बाटली कुठं गेली विचारा. सासूबाईंनी बूच काढून वास घेतला, म्हणल्या, औषधाचा वास येतोय, आणि रोज संध्याकाळी गुडघ्याला चोळायला लागल्या. म्हणजे आमच्या घरात खायचं तेल मशीनच्या पोटात आणि मशीनचं तेल सासूच्या गुडघ्यात. सासूबाई टणाटण चालायला लागल्या. खोटं बोलत न्हाई, पायऱ्या चढायच्या.

मला तरी काय ठाऊक होतं? आमच्यात तेल म्हणजे करडीचं तेल, भाजीला तेच, डोक्याला तेच, दिव्याला तेच. दोन-तीन महिने मशीन चालली. मी चोळ्या शिवल्या, पोराची अंगडी शिवली, गल्लीतल्या बाया दारात कापड घेऊन उभ्या राहायच्या, आणि गया, गया करायच्या. मंग थंडी पडली. एक दिवस चाक जड लागलं, दुसऱ्या दिवशी आणखी जड, आणि एका सकाळी दांडा धरला तर हलेचना. जशी काही मशीन म्हणतेय, पोट भरलं, आता पुरे.

माझं नशीब असं की त्याच्या आधीचे चार दिवस मी दूर बसलेली. पाचव्या दिवशी न्हाऊन मशीनला हात लावला तर ती बंद. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. उन्हं वर यायच्या आत हात लावला हिनं, विटाळ पुरता गेला न्हवता! मामंजी ओट्यावर गेले, येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायला लागले, सुनेनं मशीन बाटवली. गल्लीतल्या त्याच बाया, ज्यांच्या चोळ्या माझ्या हातच्या होत्या, त्याच चोळ्या घालून माझ्याकडं तिरपं बघायला लागल्या. एकजण तर म्हणली, बाई, मी माझी चोळी धुऊन घेते. अगं, काढ की अंगातली, दे मला परत!

मामंजींनी नवस बोलला. येत्या चतुर्थीला मशीन बैलगाडीत घालून राजूरला न्यायची आणि गणपतीला वाहून टाकायची, म्हणजे घराला दोष लागायचा न्हाई. माझ्या बापाच्या आठ मेंढ्या, आणि त्या माझ्याच माहेरच्या वाटेनं, माझ्या बापाच्या दारावरून जाणार, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि त्याला सांगणार की तुझ्या लेकीचा हात अशुभ. ज्या हाताला डोळे आहेत तो हात. मशीन गेली असती तर गेली असती, पण हे बोलणं माझ्या बापाच्या कानावर गेलं असतं तर मी मेलेच असते.

चतुर्थीला तीन दिवस राह्यले. सकाळी मालक गिरणीत जायला निघाले, मी भाकरी थापून राह्यले होते, डोळ्यांतलं पाणी पिठात पडून राह्यलं होतं. तर हे माझ्याकडं न बघता, चपलेत पाय घालता घालता म्हणतात, करडीचं तेल लोखंडात चिकट होतं गं, डिंकासारखं, गिरणीत कोणी वापरलं तर फिटर कानाखाली वाजवतो, घासलेटनं धुवावं लागतं मंग.

मी तव्यावरची भाकरी तशीच ठेवली. म्हणलं, तुम्हाला ठाऊक होतं?

होतं.

कधीपासून?

पहिल्या शनिवारपासून.

मंग बोलला का न्हाई?

आबांपुढं कसं बोलू.

काय सांगू तुम्हाला, ती भाकरी जळली आणि मी जळू दिली. सासऱ्याचा राग आला न्हाई मला तेव्हा, तो बिचारा अडाणी भक्तीनं करत होता. सासूचाबी न्हाई, तिचे गुडघे तर ठणठणीत झाल्ते. मला राग आला या शहाण्याचा, ज्याला सगळं ठाऊक होतं आणि ज्यानं माझं नाव गल्लीभर नासू दिलं, बापासमोर एक शब्द खर्ची पडेल म्हणून. मी ती काळी भाकरी फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिली. खाल्ली त्यांनी. संध्याकाळी फडकं रिकामं आलं.

दुसऱ्या दिवशी मामंजी आणि सासूबाई बदनापूरला लग्नाला गेले. त्यांची आगगाडी सुटली असेल न्हाई तो मी पदर खोचला. चिमणीतलं घासलेट वाटीत ओतलं, मशीन पालथी केली, आणि बघते तर आत लापशी! करडीचं तेल, हळद, कुंकू, रुईच्या पानांचा चुरा, सगळं शिजून घट्ट झालेलं. इतक्या भक्तीनं तर मारुतीचंबी पोट बिघडलं असतं. बाभळीच्या काट्यानं खरवडलं, दाभणानं कोरलं, जिथं बोट जाईना तिथं कोंबडीचं पीस घासलेटात बुडवून फिरवलं. लाल पाणी निघालं, मंग पिवळं, मंग काळं, मंग नितळ. उन्हात पुसून कोरडी केली. आणि शेवटी सासूबाईंच्या उशाखालची ती बाटली काढली. तळाशी उरलं होतं, मोजून दोन थेंब. चाचा बराबर बोलला होता.

दांडा फिरवला. अशी धावली म्हणता, जशी वाड्यातून सुटलेली मेंढी.

आता कोणी शहाणी बाई असती तर गप बसली असती. मी मामंजींची दांडीवरची धुतलेली पैरण काढली आणि दोन्ही बाह्यांची तोंडं शिवून टाकली. बारीक टाका, दुहेरी शिवण. घडी घालून जागेवर ठेवली.

संध्याकाळी मामंजी आले, हातपाय धुतले, पैरण चढवायला गेले. उजवा हात घातला, अडकला. डावा घातला, तोबी अडकला. दोन्ही हात वर, डोकं आत, आणि आतून आवाज, अगं, कोण आहे, अगं, मला बाहेर काढा! गल्ली जमली. मी पुढं झाले आणि म्हणलं, मामंजी, शिवण बघा, हाताची आहे का मशीनची? मशीन चालू झाली. तेलानं बसली होती, घासलेटनं उठली.

मामंजींनी पैरणीतून डोकं काढलं, शिवण बघितली, मशीन बघितली. मला वाटलं आता म्हणतील, चुकलं. तर त्यांनी तसेच, बाह्यांत अडकलेले दोन्ही हात वर करून जोडले आणि ओरडले, पावला! राजूरचा गणपती नवसाला पावला! विटाळ गेला!

आणि मी मालकांकडं बघितलं. ते तिथंच होते, खांबाला टेकून. एवढंच बोलायचं होतं की आबा, तेलानं झाल्तं. त्यांनी खांबाकडं बघितलं. जसा काही खांब कालच आणलाय.

मंग देवानंच चालू केली म्हणून मशीन घरात राह्यली, आणि मामंजी नुसता नारळ घेऊन राजूरला गेले, आणि येताना वाटेवरच्या प्रत्येक गावाला सांगत आले की सुनेच्या विटाळानं बसलेली मशीन देवानं चालू केली. माझ्या बापालाबी सांगितलं. मी पुढच्या खेपेला गेले तर बापानं माझे दोन्ही हात हातात धरून उलटेपालटे करून बघितले. ते मी विसरत न्हाई. तो गेला. खरं काय ते मी त्याला सांगितलं होतं, पण माझ्या सासरच्या तोंडून त्यानं कधी ऐकलं न्हाई.

मशीनचं म्हणाल तर मी तोड काढली. मोडक्या नांगराचा फाळ आणून उंबऱ्याजवळ रोवला आणि म्हणलं, मामंजी, मशीनचा देव हा, मशीन नुसती त्याची दासी, शनिवारचं तेल इथं घाला. त्यांना पटलं. अठरा वर्षं तो फाळ न्हातोय, त्याला गंज म्हणून न्हाई. आणि मशीनला मी दोन थेंब घालते, पेठेतून बाटली आणून. मागच्या मोठ्या लढाईत कापड कंट्रोलवर गेलं, मोजूनमापून मिळायला लागलं, तेव्हा याच मशीनवर मी जुन्या धोतरांच्या बंड्या केल्या, फाटक्या लुगड्यांचे परकर केले, अर्ध्या मस्तगडाची लाज या मशीननं झाकली. पण आजबी एखादी म्हातारी सुईत दोरा ओवता ओवता विचारतेच, गये, हीच ना गं ती, बाटलेली?

आता घरात सून आली आहे. मी तिला पहिल्याच दिवशी म्हणलं, बाई, मशीन चालव, चारही दिवस चालव, लोखंडाला विटाळ न्हाई, लोखंडाला फक्त करडीचं तेल सोसत न्हाई. गुणाची आहे पोर, माझ्यापेक्षा टाका बारीक घालते, देव तिच्या हाताला डोळे देवो आणि तिच्या नवऱ्याला जीभ.

तर मागच्या शनिवारी. व्याही आल्ते, सुनेचे वडील, पहिल्यांदाच. मालक आणि ते जेवायला बसलेले, मी वाढून राह्यले होते. सुनेनं पाहुणे येणार म्हणून घर झाडलं आणि तो फाळ, तिला काय ठाऊक, उचलून मागल्या अंगणात ठेवला. मशीन उघडीच. मामंजींना आता डोळ्यांनी कमी दिसतं, ते ओलेत्यानं आले, हातात वाटी, उंबऱ्याजवळ चाचपलं, फाळ न्हाई. मंग हात पुढं करत करत मशीनपर्यंत गेले, लोखंड लागलं, चेहरा कसा उजळला, आणि वाटी कलती केली.

मी ओरडणार तेवढ्यात पाटावरून माणूस उठला. भाताचा हात तसाच, व्याह्यांच्या ताटावरून ढांग टाकून, वरण सांडून, आमचे मालक, ज्यांनी जन्मात बापापुढं होय-न्हाईच्या पुढं शब्द काढला न्हाई, त्यांनी जाऊन बापाचं मनगट धरलं, आणि गल्लीतली माणसं दारात येतील एवढ्या आवाजात म्हणाले, आबा, ठेवा ती वाटी खाली, तवाबी तुमच्याच तेलानं बसली होती मशीन, गयाचा काही कसूर न्हवता!