हेल्परचा सप्लाय कापला

नाही, काहून ऐकून घ्यायचं मी? बटन मी दाबतो, लाइटबिल मी भरतो, अन कॉम्प्युटर चालू झालं का हे सारे प्रोग्राम मले न विचारता उठून बसतात! तुम्हाले सांगतो, इकडे वरण शिजते, पन पडद्यावरची चकरी काही थांबत नाही... रजत, माहा भाचा, दिवाळीत आलता, एक गेम टाकून पुसदले वापस गेला. तो गेम रोज सकाळी उठते, "खेळता का?" अबे, तुले बोलावलं कोनं? प्रिंटर आमचा कधीचाच भंगारात गेला, पन त्याचा प्रोग्राम हजर, "शाई संपली होऽ!" प्रिंटरच नाही बाप्पा, शाई कायले पाहिजे?

अन आमच्या निकिताचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. घरी बसून कराची नोकरी, बाभुळगाव सोडाचं काम नाही. मागच्या खेपेले हे कॉम्प्युटर उठता उठता समोरचे साहेबच उठून गेलते! पोरगी लय रडली हो. मले नाही पाहवलं.

मी लाइनमन मानूस. जिंदगीभर एकच शिकलो, आधी सप्लाय बंद, मंग पोलवर चढाचं. टास्क मॅनेजर उघडलं, स्टार्टअपची यादी काढली, अन सुरू! गेम, डिसेबल. प्रिंटर, डिसेबल. त्यात एक निघाला ऑडिओ हेल्पर. हेल्पर! मले हेल्पर शिकवता? आपन वर तारेजवळ लटकलो असलो का खालून तंबाखू मळत "जपून हो भाऊ" म्हनते, तो हेल्पर! तुले बोलावलं कोनं? डिसेबल!

इंटरव्ह्यूच्या दिवशी कॉम्प्युटर असं फटकन उठलं म्हनता! निकितानं हेडफोन लावला, बोलाले लागली, अन तिकडून म्याडम, "हॅलो? निकिता? आवाज येत नाहीये तुझा..." पोरगी बोलूनच राह्यली, म्याडम मान हालवूनच राह्यली! "बाबा! काय बंद केलं तुम्ही?" म्हटलं, "सारंच! तुह्यासाठीच!" निकिताची माय आतून, "आता मीटरबी उपटून ठेवा घरचं!"

पोरीनं हेल्पर चालू केला, अन आवाज आला. पन चूक माही नाही! आवाजाचं एवढं काम करते, तर नाव हेल्पर कायले ठेवता? वायरमन ठेवा ना!

लागली हो नोकरी. कंपनीनं आपला प्रोग्राम टाकून देल्ला. आता बटन दाबलं का सगळ्यात आधी तोच उठते. मी म्हटलं, तुले बोलावलं कोनं? यादी उघडली, त पाहतो काय, डिसेबलचं बटन पुसट! दाबलंच जात नाही! निकिता म्हने, "बाबा, हात नका लावू, माही हजेरी तोच लावते."

मंग काय करता... घरजावई समजून बसू देल्ला.