पॅड कुणी आणायला सांगितलं?

न्हाई न्हाई, चहा घ्या तुम्ही, चहा वेगळा आन् हे वेगळं — पण हे निळ्या शाईचं पॅड कशाला काढलं पिशवीतून, एवढंच विचारून राह्यले मी. अंगठ्याला? कुणाच्या? माझ्या? आन् हे आणायला तुम्हाला कुणी सांगितलं, मुकुल सर? तुमचं ऑफिस तिकडं जालन्यात, पोरं परदेशी पाठवायचं. तीर्थपुरीची द्वारका सही करती का अंगठा देती, हे तुम्हाला सपनात पडलं का? कुणीतरी सांगितलंच असंल ना. आतल्या दाराकडं बघू नका. मोनाली आतच हाय, माझी पोरगी, कान इकडंच हायेत तिचे. ऐकू द्या.

हा कागद वाचला मी. तुम्ही मघाशी फोन आला म्हणून अंगणात गेल्ता ना, तवर वाचला. हळू वाचते, बोट ठेवून वाचते, पण वाचते — चौथी पास हाय मी, आन् तवाची चौथी. माझ्याच नावानं लिहिलाय — ‘मी निरक्षर असून मुलीच्या शिक्षणास माझा कायम विरोध होता. तिने स्वतःच्या जिद्दीवर देश व अभ्यासक्रम निवडला.’ जिद्दीवर! त्या शब्दापाशी माझं बोट थांबलं ते थांबलंच. काय म्हणता? स्कॉलरशिप देणाऱ्यांना असं घर लागतं? अडाणी आई असली की पोरगी वर दिसती? मंग मला मारूनच टाकायचं ना कागदावर, स्कॉलरशिप आणखी जल्दी भेटली असती.

देश कुणी निवडला, सांगू? इथंच, ह्याच ओट्यावर, तुम्ही बसलात तिथं. आधी म्हणली ऑस्ट्रेलिया — का, तर मैत्रीण तिथं हाय. म्हणलं मैत्रिणीला भेटायला जाती का शिकायला? मंग कॅनडा. तिथं काय शिकणार? तर एमबीए. मी म्हणलं, अगं, शेतकीची बीएस्सी केली तू, चार वर्षं मातीत गेली, आन् आता टाय लावून बसणार? आठ दिवस बोलली न्हाई माझ्याशी. मंग जर्मनी, मंग भाषा आडवी आली. मंग एक दिवस मोबाईल घेऊन आली, म्हणली, आई, नेदरलँडला नुसत्या बियाण्याचं शिक्षण हाय, दोन वर्षांचं. मी दोनच गोष्टी विचारल्या — तिथं प्लॉटवर बाया असतात का, आन् नवं बी निघालं तर नाव कुणाचं लागतं? तिनं तिथल्या मास्तरला मेल करून विचारलं, बरं का! उत्तर आलं, तिनं मला मराठीत वाचून दाखवलं. तवा मी म्हणलं, इथंच जा. दुसरीकडं जायचं न्हाई.

का विचारलं, माहीत हाय? बावीस वर्षं मी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंग केलं, सर. संध्याकाळी मादीची कळी सोलायची, तिला लाल कागद अडकवायचा, सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं — एक एक कळी, हातानं. नख जास्त लागलं की कळी गेली. पुडीवर नाव कंपनीचं, बोटं आमची. हीच पोरगी म्हणली होती मला — आई, माझं पहिलं वाण निघालं ना, त्याला द्वारका नाव देईन. आन् आता द्वारकाला अंगठा! त्याच लाल कागदावर कोळशानं तिला ग म भ न काढून दिलं मी, बांधावर. विसरली? विसरली न्हाई, सर. विसरलेलं परवडतं, हे जाणून लिहिलंय.

आन् विरोध कवा केला मी? — काय? तिनं सांगितलं तुम्हाला? दहावीतलं? ते... ते आठ दिवसांचं होतं. क्रॉसिंगचा हंगाम होता, बाया भेटत न्हवत्या, हिची बोटं बारीक. पुस्तकं पेटीत घातली न् कुलूप लावलं, बस. आठ दिवस. — पंधरा असतील. — बरं, अख्खा हंगाम. सहामाही बुडाली तिची. एक चापट बी मारली, कळ्या सोडून बांधावर मैत्रिणीचं पुस्तक वाचत बसल्ती म्हणून. पण पेटीची किल्ली मीच दिली ना परत! तिच्या बापानं न्हाई, मी. हे कुठं लिहिलंय तुमच्या कागदात? दाखवा की.

द्या तो पेन. न्हाई, पॅड ठेवा, पेन द्या. हे बघा — ‘निरक्षर’ खोडलं. ‘कायम’ खोडलं, वर लिहिते, ‘दहावीत एक हंगाम’. तेवढं खरं हाय, तेवढं राहू द्या. ‘तिने’ खोडलं, ‘आम्ही दोघींनी’. आन् खाली — द्वारका भागवत चिमणे. वाचून सही केली.

खाडाखोड चालत न्हाई? पाचच्या आत पाठवायचाय, माहीत हाय मला. तुमच्या पिशवीत ह्याच मजकुराची कोरी प्रत हाय, ती बी दिसली. दोन्ही न्या तिच्याकडं आत. सांगा, हा आईच्या सहीचा, आन् हा कोरा, ह्याच्यावर कुणाचा बी अंगठा उठवा, पॅड हायच. देश जिद्दीवर निवडला ना तिनं? मंग कागद बी निवडू दे. मी आत येणार न्हाई. मला सांगायला बी येऊ नका, कोणता पाठवला ते.

शाई वाळली. उठा.