टायरची हवा आणि सावंतकाका

ऐक ना, आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कोणीतरी गाड्यांच्या टायरची हवा सोडत होतं. मी कॉलेज सोडून घरी, म्हणजे संशय माझ्यावरच. मी लिफ्टमध्ये शिरलो की बोलणं बंद! सेक्रेटरी सावंतकाका बाबांना म्हणाले, "रिकामा पोरगा दुसरं काय करणार? पोलिसांत देऊ." माझी सटकली. आमच्याच गाडीत गुपचूप कॅमेरा लावला आणि मीटिंगमध्ये सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. मॉर्निंग वॉकला निघालेले सावंतकाका वाकून काडीने व्हॉल्व्ह दाबतायत!

काका बिनधास्त म्हणाले, "रेषेबाहेर पार्किंग करतात, त्यांना शिस्त लावत होतो." अख्ख्या कमिटीने माना डोलावल्या.

जिन्यात बाबा मला म्हणतात, "मोठ्या माणसाला चारचौघांत असं उघडं पाडतात? जा, पाया पड त्यांच्या."