यंदाच्या हजेरीत

हॅलो?… कोण?… अरे, हालवर्दुर! मंत्रिमहोदय!… बरं, बरं, नुसता हालवर्दुर. हो, मी स्टेनवोरबाईच. दुसरं कोण उचलणार या घरात?… तुलाही नवीन वर्षाच्या… थांब जरा, मटण आधीच धुरी दिलेलं आहे, आणखी करपायला नको. शेगडी बंद करते.

…हं, बोल. नाही रे, गावच्या वर्षअखेरच्या शेकोटीला नाही जाणार यंदा. गुडघे. खिडकीतून दिसते तेवढी पुरे. मग टीव्ही. तो कार्यक्रम कोण चुकवतोय! वर्षभर देशात जे जे झालं त्याची टर, आणि अख्खं आइसलँड एकाच वेळी हसणार.

…हो, यंदा ब्रिंदिसच लिहितेय. माझीच नात. अस्सं! म्हणून फोन होय? मला वाटलं, गुडघ्यांची चौकशी.

…तुझं सोंग कोण करतंय? अरे, असं कसं सांगू? गुपित असतं ते. काय? पाहुणे बोलावलेत? अख्खा पक्ष?… सासूबाईपण? वा! नाही, छान केलंस. निवडणूक आलीच की… हो ना, टर उडाली की माणूस आपला वाटतो. लोक हसतात, आणि हसले की माफ करतात. अगदी खरंय तुझं.

…आपली शाळा? आहे ना! तू बंद केलीस, तेच तर आहे. चांगला लांब प्रवेश आहे. पलीकडच्या शाळेत जायचा डोंगर आहे, बर्फात रुतलेली बस आहे, ती ढकलणारी पोरं आहेत. उन्नुर माहितीय ना? तुझ्या चुलतभावाची पोर, एवढीशी? वळणावळणावर ओकते बिचारी. तेही आहे… हस, हस. मी ऐकतेय.

…तू वाचायला शिकलास त्या वर्गात आता पर्यटक झोपतात. फळ्याखाली पलंग टाकलाय. हो, नाइलाज. ऐकलंय, बाळ. वर्षभर तेच ऐकलंय.

…तू? तू नाहीस. अरे, प्रवेशात! तू नाहीस त्यात, हालवर्दुर… छे, चुकून कसं? ब्रिंदिसनं लिहिलं होतं. तुझा टाय, तुझं ते खाकरणं, सगळं. मीच पोट धरून हसले. मग म्हटलं, पोरी, काढ हे… हो, मीच. नाव नाही, चेहरा नाही. कुणीतरी 'मंत्री' म्हणतं, तेही जाता जाता. ओरडू नकोस, सासूबाई ऐकतील.

…ऐक ना. मी कधी हात उगारला तुझ्यावर? नाही ना? त्या चुलतभावाला धक्क्यावरून पाण्यात ढकललंस, तेव्हा काय केलं होतं मी?… बरोबर. हजेरीत सगळ्यांची नावं घेतली, तुझं गाळलं. 'बाई, मी आहे, मी आहे' करत रडत होतास बाकावर… हो, संध्याकाळी घेतलं. पण आधी त्याची माफी मागितलीस, मग.

…माझी कशाला मागतोस? उन्नुरची माग.

…आता नाही बदलता येत. कधीच तयार झालाय कार्यक्रम. पाहुण्यांना? सांग की, बाईंनी गाळलं.

…हॅलो? हालवर्दुर?… हालवर्दुर, आहेस का?

…गैरहजर.