पेग आली की बंद पडणारं गाणं

बार्टली: केटली राहू दे, त्रेसा. बस इथं. एक गोष्ट सांगतो, ती पुरती ऐक. मग हवं तर दार दाखव मला.

त्रेसा: काका, पेगमावशीबद्दल असेल तर माझं उत्तर ठाऊक आहे तुम्हाला.

बार्टली: बहीण आहे माझी, बोलणारच. तर मागं एका रविवारी पबमध्ये तू तिच्या पोराच्या, फेहीनच्या बुडण्याचं गाणं धरलंस. रचलं तुझ्या बापानं खरं, पण त्याचा आवाज म्हणजे गंजकं बिजागर. तू डोळे मिटून गायला लागलीस की गडी हातातला भरला ग्लास विसरतात. साथीला काही नाही, नुसता गळा, आणि वाटतं भरतीचं पाणी दाराशी आलं.

त्रेसा: लोणी पुरे.

बार्टली: तेवढ्यात पेग आत आली. कुणीतरी तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला, नि तू गप्प. गाण्यात फेहीनची होडी धक्क्यावरून सुटली होती, तिथंच.

त्रेसा: अख्खा गाव तेच करतो. बुडालेल्याच्या आईपुढं त्याचं गाणं म्हणायचं नाही. बाबांनी मरताना वचन घेतलंय माझ्याकडून.

बार्टली: भल्यासाठीच घेतलं. पण तीसएक वर्षं झाली, पोरी. लग्न असो, बारसं असो, ती आली की गाणं बंद, आणि कुणीतरी बटाट्याच्या पिकाचं बोलणं काढतं. त्या दिवशी घरी जाताना रस्त्यात थांबली. मला म्हणाली, "बार्टली, माझं पोर सगळ्या गावाच्या तोंडी आहे. माझ्याच कानी तेवढं येत नाही."

त्रेसा: असं म्हणाली?

बार्टली: प्रेत मिळालं नाही, थडगं नाही. समुद्राकडं बघून किती बोलणार बाई? गाणं ऐकायचा हट्ट सोड म्हणून मी समजावलं, चार शिव्याही घातल्या. ऐकत नाही. आता अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर म्हणतो, हा हिवाळा काही काढायची नाही. एकच मागते, त्रेसाला बोलाव, तिच्या तोंडून ते गाणं ऐकू दे.

त्रेसा: काका, शेवटच्या कडव्यात तो आईला हाक मारतो. कसं म्हणू मी ते तिच्यासमोर? आणि ते बाबांनी मनचं घातलंय. होडीतलं एकही माणूस परत आलं नाही, हाक ऐकली कुणी?

बार्टली: मीही हेच सांगितलं तिला. की बाई, त्यात हाक आहे, आणि ती खरी नसेल.

त्रेसा: मग?

बार्टली: म्हणाली, कोवळं पोर होतं, पाणी गार होतं. दुसऱ्या कुणाला हाक मारणार होता?

त्रेसा: (उठत) माझी शाल कुठंय?

बार्टली: ती काय, खुंटीला. आणि पोरी, एवढं कर. ती रडेल. बहुतेक मीही रडेन. तू मध्ये थांबू नकोस.